सोमवारच्या चौतीस मुली

कफ्र अस-सफसाफ
रविवार, ४ ऑक्टोबर २००९

उल्फत,

सलाम. तू अस्वानला भावाकडे सुखरूप पोचलीस हे मला तुझ्या घरमालकिणीकडून कळलं. मला कळवावंसं तुला वाटलं नाही, असो. पत्ता मी तिच्याकडूनच काढून घेतला. तिनं बरेच आढेवेढे घेतले, पण मी काय अशी सोडते होय?

शाळा काल एकदाची उघडली. त्या डुक्करतापाच्या भीतीनं लांबली होती. आता अम्म आशूर साबणाची बादली घेऊन फाटकात उभा असतो आणि येईल त्याला हात धुवायला लावतो. शिपायाच्या हाती जन्मात पहिल्यांदा एवढा अधिकार आलाय, त्यानं मुख्याध्यापिकाबाईंनाही सोडलं नाही. मादाम दौलत ओले हात झटकत आत गेल्या आणि आम्ही सगळ्या तोंड फिरवून हसलो. तू असतीस तर तोंडबिंड फिरवलं नसतंस.

ग्रंथालयात मी एकटीच आहे. सहा वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो आपण. तुझ्या बाजूला आता जुन्या मासिकांचा गठ्ठा ठेवलाय, नाहीतर ती जागा डोळ्यांत येते. तुझ्या जागी दुसरं कुणी देणार नाहीत म्हणे.

हो, एक सांगायचंय. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगते. माझा कागद आला. पगारपत्रकावर आता ‘ग्रंथरक्षक’ येणार नाही, ‘शिक्षिका’ येईल. छत्तीस वर्षं नोकरी झाल्यावर, निवृत्तीला सहा महिने उरले असताना. मादाम दौलतनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना जास्वंदीचं सरबत पाजलं. आपल्याला ‘कपाटवाल्या’ म्हणणाऱ्या त्या गणिताच्या बाई, त्यांनी स्वतः उठून मला खुर्ची दिली. बसले मी. सरबत फार गोड झालं होतं, अर्धं टाकलं.

तुझ्या बाबतीत जे झालं ते वाईटच झालं. पण झालं ते झालं. तू अजून पन्नाशीला टेकली नाहीस, काहीतरी निघेल. देव सगळं बघत असतो.

तिसऱ्या कपाटाची किल्ली कुठे ठेवलीस तेवढं कळव. दोन ओळी पुरेत.

तुझी,
बहिजा

कफ्र अस-सफसाफ
सोमवार, ९ नोव्हेंबर २००९

उल्फत,

महिना झाला, तुझं पत्र नाही. किल्ली माझी मीच शोधली. खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीखाली होती. रोप वाळलंय, माझ्या लक्षातच राहिलं नाही पाणी घालायचं.

कपाटात तुझी निळी वही मिळाली. समितीसमोर नेली होतीस ती. मी ती अजून उघडलेली नाही.

आज सबाह आली होती. माध्यमिकच्या दुसऱ्या वर्षाला गेली, उंच झालीये, केस अजून तसेच पिंजारलेले. दारातूनच विचारलं, ‘मिस उल्फत कधी येणार?’

म्हटलं, ‘त्या आता नाहीत इथे.’

‘आजारी आहेत?’

‘नाहीत.’

‘मग कुणी काढलं त्यांना?’

बाराव्या-तेराव्या वर्षी पोरी किती सरळ विचारतात बघ. मी म्हटलं, कचेरीचे निर्णय असतात, तुला नाही कळायचे. तिनं मान हलवली. मग पिशवीतून ते बदकं पाळणाऱ्या म्हातारीच्या गोष्टीचं छोटं पुस्तक काढून दाखवलं. म्हणाली, ‘हे त्यांनी मला वाचायला दिलं होतं. ठेवू?’

तुला माझा स्वभाव माहीत आहे. पुस्तक हरवलं की जाब मला, भरपाई मला. प्रत्येक पुस्तक माझ्या नावावर चढलेलं आहे आणि मार्चमध्ये चार्ज देताना एकेक मोजून द्यायचंय. मी म्हटलं, ‘उद्या आणून दे.’ तिनं पुस्तक पुन्हा पिशवीत घातलं आणि ती गेली.

वाईट वाटलं मग. गेल्या वर्षी ही पोरगी आली तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं, आणि शाळेत कुणालाच ते ठाऊक नव्हतं. सगळे धडे ऐकून पाठ करायची आणि चित्रावरून ओळखून म्हणून दाखवायची. तू एकदा चित्रावर हात ठेवलास आणि पोरगी मुकी झाली. त्या दिवसापासून कुणी बाई रजेवर असली, ऑफ तासाला मुली आपल्याकडे लोटल्या की बाकीच्यांना मी सांभाळायचे आणि तू तिला घेऊन तिसऱ्या कपाटामागे बसायचीस. मी म्हणायचेसुद्धा, ‘अगं, तुला कोण याचं काही देणारे?’ तू मला माझ्या नबीलच्या नावानं हाक मारून म्हणायचीस, ‘उम्म नबील, तुम्ही चहा घ्या.’

शिक्षकांना श्रेणी आणि वाढीव पगार देणाऱ्या नव्या कायद्याचं कळल्यावर तू गावोगावच्या शाळांत फिरून ग्रंथपालांच्या सह्या गोळा केल्यास. ‘आम्ही कपाटं राखत नाही, आम्ही शिकवतो.’ मिनीबसमधून धुळीनं माखून यायचीस. मी हसायचे तुला. आणि गंमत बघ, त्या सह्यांमुळे समिती बसली आणि समितीमुळे मी शिक्षिका झाले.

थंडी पडायला लागलीये. अस्वानला काय, तिथे ऊनच असेल.

बहिजा

कफ्र अस-सफसाफ
शनिवार, १२ डिसेंबर २००९

उल्फत,

ईद झाली. तुझ्या वाटणीचं मांस यंदाही बाजूला काढलं आणि मग आठवलं. अम्म आशूरच्या घरी दिलं.

वही वाचली मी. सगळी. एकसष्ट पाठ आहेत. तारीख, वेळ, सबाह काय वाचू शकली, कुठे अडली. ‘आज जोडाक्षर न थांबता.’ ‘आज रडली, मग हसली.’ ‘आज बोट न ठेवता दोन ओळी.’ कुठे एक शब्द वाढवून लिहिलेला नाही. समितीच्या अध्यक्षांनी ही वही एका बोटानं बाजूला सारली होती. म्हणाले, ‘बाई, याच्यावर शिक्का कुठाय?’

शिक्का माझ्या रजिस्टरवर होता.

आता लिहितेच. दोन पत्रांत नुसती साबणाची बादली आणि सरबत लिहिलं, माझी मलाच लाज वाटली.

आपलं एक भेट-रजिस्टर होतं, कुठल्या दिवशी कुठला वर्ग ग्रंथालयात आला त्याचं. कुठला वर्ग येतोय डोंबलाचा? ग्रंथालयाचा तास गणितवाल्या बाई खाणार, उरला तर परीक्षेची तयारी. पण दर मे महिन्यात तपासनीस उस्ताद फिक्री येणार, पानं चाळणार आणि रिकामी दिसली की शेरा मारणार. म्हणून मे लागला की मी बसून वर्षाचं रजिस्टर एका दमात भरायचे. तीन पेनं घ्यायची, शाई बदलती दिसावी म्हणून. तुला माहीत होतं ते. तू तोंड वाकडं करायचीस आणि मी म्हणायचे, अगं, आख्ख्या जिल्ह्यात असंच भरतात, लोणच्याच्या बरण्या भरतात तसं. फिक्रीसाहेबांनाही माहीत होतं. त्यांनाही वर कुणाला तरी भरलेली पानं दाखवायची होती.

एक मात्र तुला माहीत नव्हतं. गेल्या मे महिन्यात तू परीक्षेच्या कामावर होतीस. मी अर्ध्या भेटी माझ्या नावावर टाकल्या आणि अर्ध्या तुझ्या. तुझ्या नावापुढे सहीही मीच केली. समिती नोंदी बघणार हे कळलं होतं, तेव्हा तुझ्या नावावर कमी भेटी दिसू नयेत असं वाटलं. खरंच सांगते, प्रेमानं केलं. दुसऱ्या वर्षाच्या क तुकडीचा तास सोमवारी, म्हणून सगळे सोमवार ओळीनं भरत गेले. कॅलेंडर भिंतीवर होतं, पण उठायचा कंटाळा केला.

वीस एप्रिलचा सोमवार. शम्म अन-नसीम, वसंताच्या सणाची सुट्टी.

त्या दिवशी आख्खा देश घराबाहेर गवतावर बसलेला असतो. तू आणि मी कालव्याच्या काठी चटई टाकून फिसीख आणि हिरवा कांदा खाल्ला होता, आठवतं? खारवलेल्या माशाचा वास दोन दिवस हाताला होता. आणि रजिस्टरमध्ये त्याच दिवशी बंद शाळेत चौतीस मुली मिस उल्फतच्या देखरेखीखाली चाळीस मिनिटं वाचत बसल्या होत्या. वर माझा शेरा: ‘मुलींनी फार रस घेतला.’

अध्यक्षांनी ते पान तुझ्यापुढे ठेवलं. ‘मिस उल्फत, ही नोंद तुमची?’ तू पान बघितलंस. माझं अक्षर तू अंधारातही ओळखशील. मग तू माझ्याकडे बघितलंस. मी तुझ्या शेजारच्याच खुर्चीवर होते.

मी पंख्याकडे बघत होते. त्याचं एक पातं वाकडं होतं.

तू म्हणालीस, ‘नाव माझं आहे, तर जबाबदारी माझी.’ झालं. खोटी नोंद केली म्हणून तुझा अर्ज फेटाळला, चौकशी लावली, क्रमिक पुस्तकांच्या गोदामात बदली केली. तू राजीनामा दिलास. सह्या गोळा करणारी तू एकटी नापास आणि तुला हसणारी मी पास.

बाहेर पायऱ्यांवर तू एवढंच बोललीस, ‘उम्म नबील, तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात.’ त्याच्यानंतर तुझा आवाज ऐकला नाही.

बहिजा

कफ्र अस-सफसाफ
बुधवार, २७ जानेवारी २०१०

उल्फत,

गेल्या पत्रानंतर मी कचेरीत रावयाला जाऊन भेटले, ती अपिलाच्या टेबलावर बसते. नाव न घेता विचारलं. ती म्हणाली, ज्यानं खोटी नोंद केली त्यानं स्वतः लिहून दिलं तर दुसऱ्याची फाइल पुन्हा उघडते. मुदत पंचवीस जानेवारी. ‘आणि लिहून देणाऱ्याचं काय?’ म्हटलं. ‘त्याची श्रेणी जाते, हज्जा. अजून काय व्हायचं?’

महिनाभर कागद पर्समध्ये घेऊन फिरले. नबीलचं लग्न ठरतंय. मुलीच्या वडिलांना आपली विहीण शिक्षिका आहे याचा फार अभिमान, चार लोकांत सांगतात. नबीलला कागदाचं बोलले तर म्हणाला, ‘आई, दोन महिने उरलेत, आता कशाला उकरून काढतेस? त्या तर गेल्यासुद्धा.’ पोटचा पोर तो, त्याला काय बोलणार? आणि खरं सांगायचं तर मलाही ते ‘शिक्षिका’ आवडायला लागलं होतं. वाण्यानंसुद्धा मला मिस म्हणायला सुरुवात केली होती.

तरी पंचवीस तारखेला गेले. सोमवारी सकाळी, चांगला कोट घालून. कचेरीला कुलूप. पोलीस दिनाची सुट्टी, गेल्या वर्षापासूनच द्यायला लागलेत. कुणाच्या लक्षात राहते? दाराशी थोडा वेळ उभी राहिले आणि परत आले.

नशीब म्हणायचं, दुसरं काय. मी प्रयत्न केला होता, एवढं तुला कळावं.

बहिजा

कफ्र अस-सफसाफ
गुरुवार, २५ मार्च २०१०

उल्फत,

काल साठ पूर्ण झाली. शाळा संपली.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. पंचवीसला सुट्टी आहे हे मला माहीत होतं. अम्म आशूरनं आदल्या दिवशी शाळेत सांगितलं होतं, ‘उद्या कचेरी बंद, मिस, काही काम असेल तर आजच उरका.’ घड्याळात साडेअकरा झाले होते. कचेरी दोनपर्यंत उघडी असते, चालत वीस मिनिटं. मी चहा मागवला. दुसऱ्या दिवशी कोट घालून गेले ते मी गेले होते असं तुला लिहिता यावं म्हणून. एकदा सुट्टीचा दिवस विसरले त्याच्यात तुझी नोकरी गेली, आणि दुसऱ्यांदा सुट्टीचा दिवस चांगला ध्यानात ठेवला. पहिल्याला चूक म्हणता येईल. दुसऱ्याला काय म्हणायचं ते तू ठरव.

ते पत्र टपालात टाकल्यापासून तो कागद रोज पर्समधून काढायचे आणि परत ठेवायचे. मार्चच्या पहिल्या रविवारी कागद घेऊन रावयाकडे गेले. तिनं वाचला आणि इकडेतिकडे बघून हळूच माझ्याकडे सरकवला. ‘हज्जा, मुदत टळली. तिची फाइल आता उघडत नाही. याच्यानं नुकसान होईल ते फक्त तुमचं. परत घेऊन जा, मी बघितलाच नाही.’

‘बघ नीट,’ म्हटलं, ‘आणि आवक नंबर टाक.’

दहा दिवसांत उत्तर आलं. माझ्या शेवटच्या पगारपत्रकावर ‘ग्रंथरक्षक’ लिहिलंय. गणितवाल्या बाई आता खुर्चीवरून उठत नाहीत. मुलीचे वडील आले, चहा प्यायले आणि लगेच उठले. लग्न मोडलेलं नाही, पण नबील माझ्याशी कामापुरतं बोलतो. हे सगळं तुला कीव यावी म्हणून लिहीत नाही. तुझं काहीच परत मिळालं नाही हे मला कळतं. जेव्हा तुझा उपयोग होता तेव्हा मी चहा पीत बसले होते.

काल चार्ज दिला. मादाम दौलत आणि दोन जण मोजायला बसले. चार हजार एकशे बारा पुस्तकं, एक कमी. तेवढ्यात सबाह दारात आली, हातात ते बदकवाल्या म्हातारीचं पुस्तक. कुणीतरी तिला सांगितलं असणार की मिस बहिजा आज जाणार. नोव्हेंबरपासून पोरगी माझ्यासमोर फिरकली नव्हती आणि काल मी अडकू नये म्हणून पुस्तक घेऊन आली.

मी उठून दारात गेले आणि तिला म्हटलं, ‘ते तुझ्याकडे ठेव. उद्या माझ्या घरी ये, तुझ्याकडे काम आहे.’

मग रजिस्टर ओढलं आणि त्या पुस्तकापुढच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘वाचन शिकवण्यासाठी विद्यार्थिनीस दिले. शिक्षिका, उल्फत अब्दुल मुनइम.’ तारीख तुझ्या वहीतून घेतली, खरी.

मादाम दौलतनी चष्मा वर केला. ‘शिक्षिका? बहिजा, त्यांना कुठे मिळालंय ते? खोडा.’

म्हटलं, ‘मादाम, या रजिस्टरांत छत्तीस वर्षं मी खोटं लिहिलं आणि तुम्ही शिक्का मारत आलात. आज एक ओळ खरी लिहिलीये. हिच्यावर मारायला हात का थांबतो?’

त्यांनी चष्मा खाली घेतला, ती ओळ पुन्हा वाचली. मग शिक्का मारला. थोडा पुसट आलाय, पण वाचता येतो.

एवढंच करता आलं. हे पुरेसं नाही, मला माहीत आहे. माफ कर असं लिहिणार नाही. तू माफ केलंस तर मला बरं वाटेल, आणि मला बरं वाटावं यासाठी तू आधीच फार केलंस.

तुळशीचं नवं बी लावलंय. कुंडी घरी आणली.

बहिजा

ता. क. उल्फत, तू माझी पत्रं उघडतेस की नाही हे मला माहीत नाही. म्हणून वाटलं, पाकीट बंद करायच्या आत हे सगळं निदान तुझ्या एका माणसाच्या कानावर पडावं. आज सबाहला घरी बोलावलं, हे पाचवं पत्र तिच्या हातात दिलं आणि मोठ्यानं वाचायला सांगितलं.

माझं अक्षर किती गिचमीड आहे तुला ठाऊक आहे. ती खिडकीपाशी उभी राहून वाचायला लागली. ‘घड्याळात साडेअकरा झाले होते,’ पर्यंत आली, ‘मी चहा मागवला’ वाचलं आणि थांबली. मला वाटलं शब्द लागला नसेल. पण ती माझ्याकडे बघत होती. या वेळी मी नजर दुसरीकडे नेली नाही.

‘मिस, मिस उल्फत तुमच्यामुळे गेल्या?’

‘हो.’

ती खिडकीकडे वळली. मग कागद पुन्हा उजेडात धरला आणि म्हणाली, ‘पुढचं वाचू?’

‘वाच,’ म्हटलं.

तिनं शेवटपर्यंत वाचलं. बोट न ठेवता, आणि एकाही शब्दाला अडली नाही.